उजवीकडे झुकलेली गाडी

माझ्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळा बाजार 'पाणसळ' म्हणतो. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. गवंडी ती भिंतीवर ठेवतो, भाऊजी जगावर ठेवतात. बोटाएवढी पितळी पाणसळ त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असते. कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलाचे पाय बघतात, मग माणसांची तोंडं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा ताई समोर बसली होती, आणि या गृहस्थांनी खाली वाकून आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं. मग वर बघून म्हणाले, "हां, आता बोलू." आमची आई आत येऊन कुजबुजली, "नवरा मुलगा आलाय की सुतार?" ताईचं मात्र तिथेच ठरलं. ज्याला डुगडुगणारं टेबल सहन होत नाही तो संसार नीट करेल, असा तिचा हिशोब.

संसार त्यांनी नीटच केला. पुढे तो डुगडुगला तो त्यांच्या हातून नव्हे.

त्यांचा धंदा म्हणजे गाड्यांच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलणं. दुसरं काही नाही. इंजिनाचं काम सांगा, कपाळावर आठ्या. "इंजिनाला विचारणारे गावभर आहेत. गाडी बसते कशावर ते कुणी विचारत नाही," म्हणतात. मी त्याच शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गाड्यांच्या सीटा शिवतो. आमच्या दोघांच्या मध्ये एक पत्रा आहे, आणि त्या पत्र्याला भोक आहे, कारण पाना मागायला फिरून कोण येणार! त्या भोकातून मी या माणसाचं अर्धं आयुष्य पाहिलं आहे. म्हणून सांगायचा हक्क माझा.

त्यांच्या कामातलं समजायला फार अक्कल लागत नाही. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. पण स्प्रिंगला एकदा धक्का बसला की ती नाचतच राहते, तिला थांबायचं कळत नाही. शॉकअप तिला थांबवतो. आतलं तेल गळून गेलं की शॉकअप नुसता शोभेचा. मग एका खड्ड्यात आपटलेली गाडी पुढच्या वळणापर्यंत उड्या मारत जाते, आणि नेमक्या वळणावर चाकं रस्त्याला धरून नसली तर काय होतं ते सांगायला नको.

आणि भाऊजींचा एक नियम आहे, दगडावरची रेघ. गाडी जॅकवर लटकलेली असताना खालचे बोल्ट पक्के आवळायचे नाहीत. नुसते लावून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, चालवणाऱ्याला त्याच्या जागेवर बसवायचं, आणि तो बसलेला असताना खाली आडवं होऊन आवळायचं. कारण सांध्यांमध्ये रबर असतं. हवेत आवळलं की ते पिळलेलं राहतं, आणि गाडी जन्मभर कुठल्यातरी चुकीच्या जागेकडे ओढत राहते. म्हणून आमच्या शेडमध्ये भलेभले लोक थांबलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून खुळ्यासारखे बसलेले दिसतात आणि खालून भाऊजींचे पाय बाहेर आलेले असतात. एक ठेकेदार तर असा बसल्या बसल्या घोरायला लागला होता. भाऊजींनी त्याला उठवलं नाही. म्हणाले, "झोपेत माणूस खरं वजन टाकतो."

हा नियम घरातसुद्धा चाले. ताई भडकली, भांडी आपटायला लागली, की भाऊजी शांतपणे म्हणायचे, "अजून हवेत आहेस. टेकलीस की बोलू." यावर एकदा ताईने डाव फेकून मारला होता. डाव चुकला, वाक्य राहिलं. आम्ही सगळेच ते वापरायला लागलो.

त्यांना दोन मुलं. थोरला अंगापिंडाने आडदांड, दारातून आला की दार लहान वाटायचं. हसायला लागला की माझ्या मशीनवरची रिळं हलायची. त्याच्यापेक्षा बरीच लहान, काडीसारखी बारीक ती धाकटी. बाप आणि भाऊ काम करत असले की ही नेमकी दोघांच्या मध्ये बसलेली असायची, म्हणून थोरल्याने तिचं नाव पाडलं वायसर. नट आणि बोल्टच्या मध्ये असते ती चकती. नाव इतकं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा तेच म्हणायच्या.

थोरल्याने भंगारातून एक दोन सीटांची ठेंगणी स्पोर्ट्‌स गाडी उचलून आणली तेव्हा ताई म्हणाली, "ही गाडी आहे की चप्पल?" दोन वर्षं ते तिघं तिला चिकटलेले होते. रंग थोरल्याने मारला, वायरी वायसरने ओढल्या, सीटा मी शिवल्या. ड्रायव्हरच्या सीटला त्याच्या मापाचा जास्तीचा फोम घातला, कारण साध्या सीटवर तो मावायचा नाही. स्प्रिंगा भाऊजींनी बसवल्या, त्याला आत बसवून, खालून आवळून. स्प्रिंगा जुन्याच होत्या. "बदलू रे," भाऊजी म्हणायचे. "पुढच्या वर्षी," तो म्हणायचा. तो गाडी काढायचा आणि ताई दारातून ओरडायची, "सावकाश घे रे!" तो हात वर करायचा. रोज. एकही दिवस तिने हे चुकवलं नाही.

गाडीने त्याला काही केलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक भलतंच धरून बसतात. ताप आला. डोक्यात गेला. पलंगावर न मावणारा एवढा मोठा मुलगा आठवड्याच्या आत त्यावर मावेल इतका झाला, आणि गेला.

गाडी शेडच्या मागच्या कोपऱ्यात लावली गेली आणि तिच्यावर कापड पडलं.  भाऊजी तर मूग गिळून बसले. आधीच मोजून बोलणारा माणूस, आता मुलाचं नावसुद्धा तोंडातून काढेना. रडतानाही कुणी पाहिलं नाही. कामाला लागले, स्प्रिंगा बदलत राहिले, लोकांची टेबलं सरळ करत राहिले. ताईला ते सहन होत नव्हतं. माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "त्यांनी विसरून टाकलं रे. एक काम संपवलं, हात पुसले, पुढची गाडी घ्या." मी काय सांगणार? मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

आता पुढचं सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

शेडचा तो मागचा कोपरा एका जुन्या गटारावर आहे, वर दगडी लाद्या टाकलेल्या. बाहेरच्या रस्त्याने खडीचा ट्रक गेला की लाद्या थरथरतात. एका दुपारी मी एकटाच शिवत बसलो होतो. भाऊजी माल आणायला गेलेले. ट्रक गेला, आणि मागून आवाज आला, कुर्रर्र. सीटवर कुणी बसताना रेग्झिन करतं तो. तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार, माझं पोट त्याच्यावर चालतं. मी पत्र्याच्या भोकातून पाहिलं. कापड एका बाजूने घसरलं होतं आणि गाडी हलत होती. वर, खाली, वर, खाली, अगदी सावकाश. आडदांड माणूस आत बसला की हलायची तशी. हलून हलून थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सरळ उभीच नाही. उजवीकडे झुकलेली आहे. ड्रायव्हरच्या बाजूला. आत कुणी नाही, आणि गाडी मात्र कुणीतरी बसल्यासारखी.

 मी मशीन बंद करून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर वर्दळ होती म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना विचारलं. त्यांनी पाना खाली न ठेवताच सांगितलं, "उजवी स्प्रिंग बसलीये. त्याच्या वजनाने. शॉकअपचं तेल गेलंय, म्हणून हलते." संपलं. मला सगळं समजलं, आणि तरी त्या कोपऱ्यात एकट्याने जायची माझी छाती होईना. समजणं आणि न घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताईला स्प्रिंगचं कुणी सांगितलं नाही. किंवा तिला कळलं असेल आणि तिने मनावर घेतलं नसेल. ती दुपारी घरातलं आवरून शेडमध्ये यायला लागली. कापड बाजूला करायची, डावं दार उघडायची, शेजारच्या सीटवर बसायची. गाडी उजवीकडे झुकलेली, त्यामुळे तिचा खांदाही थोडा तिकडे जायचा, जसा शेजारी कुणी जड माणूस बसला की जातो. तशीच बसून राहायची. ट्रक गेला, गाडी वरखाली झाली, की हळूच म्हणायची, "आलास का?" जाताना डॅशबोर्डवर हात ठेवायची. "सावकाश ये रे."

भाऊजी पत्र्याच्या त्याच बाजूला, पुढे काम करत असायचे. ताई आत असली की ते हातोडा वापरत नसत. ती निघून गेल्यावर जे काय ठोकायचं ते ठोकायचे.

अशी वर्षं गेली. मी वर्षं म्हणतो, पण त्या घरात ती एकच लांबलचक दुपार होती. आणि त्या दुपारी एक जिवंत पोर मोठी होत होती, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. वायसर शिकली, गाड्यांच्या तपासणीच्या कामाला लागली, सकाळी डबा स्वतः भरून घ्यायची, दारात चपला घालताना म्हणायची, "आई, येते." आत ताई, "हं." बास. "सावकाश जा" हे दोन शब्द तिच्या वाट्याला आलेच नाहीत. ते दुपारसाठी राखून ठेवले होते. मला राग यायचा. ताईचा यायचा, भाऊजींचा यायचा, खोटं कशाला, गेलेल्या थोरल्याचाही यायचा. मेल्यावरसुद्धा सगळी जागा व्यापून बसलाय, असं मनात यायचं आणि मग माझीच मला लाज वाटायची.

मग एका सकाळी ताई बाजारात गेलेली असताना वायसरने गाडी बाहेर काढली.

कुणाला न विचारता. बॅटरी आदल्या दिवशीच लावून ठेवली होती म्हणे. मी आवाज ऐकून बाहेर येईपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता आणि पुढच्या बंपरमध्ये मुळांसकट गवत अडकलं होतं. तिने सांगितलं ते असं: गावाबाहेरच्या दगडखाणीच्या वरच्या वळणावर, जिथे कठडा नाही, तिथे गाडी एका उंचवट्यावरून उडाली आणि उडतच राहिली. स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं वळेनात. कडेच्या गवतात जाऊन थांबली. गवताच्या पलीकडे काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

भाऊजींनी गवत उपटून हातात घेतलं. मग गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून वजन टाकलं आणि सोडलं. गाडी नाचत राहिली. आम्ही तिघं ती थांबायची वाट बघत उभे.

"का नेलीस?" भाऊजी म्हणाले.

"मला चालवायची होती. मीपण बनवलीये ती बाबा. वायरी माझ्या आहेत."

"मेली असतीस."

"मग त्या सीटवर मी बसले असते. आई माझ्याशीपण बोलली असती."

मला वाटलं, भाऊजी हात उगारतात आता. पण ते खालीच बसले, हातातलं गवत तसंच. म्हणाले, "नव्या टाकतो. चारी स्प्रिंगा, चारी शॉकअप. मग चालव."

ताईला हे सांगितलं तेव्हा जे झालं ते पत्र्याच्या भोकातून नाही, रस्त्यावरूनही ऐकू आलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी आमची ताई. "त्या स्प्रिंगांना हात लावाल तर मी या घरात राहायची नाही," म्हणाली. "तुम्हाला एवढंच येतं. वाकडं दिसलं की सरळ करायचं. तो बसतो ना तिथे! मला कळतं, तो बसतो."

"दुसरी पण जाईल अशाने," भाऊजी म्हणाले.

"दुसरीला कुणी सांगितलंय ती गाडी घ्यायला?"

वायसर दारातच उभी होती. ती तशीच आत गेली. भाऊजींनी यावेळी "टेकलीस की बोलू" म्हटलं नाही. नुसते निघाले, शेडमध्ये आले, आणि गाडीखाली जॅक लावला. त्यानंतर ताईने शेडकडे पाऊल टाकलं नाही आणि भाऊजींशी बोलणंही टाकलं.

काम सुरू झालं तेव्हा मी मदतीला होतो. चाकं निघाली, जुने बोल्ट तेल पाजून पाजून सोडवले. स्प्रिंग दाबून धरायचे मोठे स्क्रू असतात, ते लावून एकेक स्प्रिंग बाहेर काढली. भाऊजींनी समोरच्या दोन्ही स्प्रिंगा फळीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. डावी बरीचशी होती तशी. उजवी तिच्यापेक्षा अंगठ्याएवढी बुटकी. भाऊजींनी तिच्यावर तळहात ठेवला आणि जरा वेळ ठेवूनच दिला. मी सुतळी शोधायला गेलो. सुतळी नको होती खरं तर.

जुन्या शॉकअपचा दांडा बोटाने दाबला तर सुर्रकन आत गेला आणि तिथेच राहिला. नव्याचा दाबला तर जड हाताने आत गेला आणि आपणहून सावकाश बाहेर आला. "हा जिवंत," भाऊजी म्हणाले. मग स्वतःलाच ऐकू आल्यासारखे गप्प झाले.

सगळं जोडून झालं, बोल्ट नुसते लावलेले, गाडी चाकांवर उतरवली. वायसर कामावर गेली होती. चालवणारा हजर नसला की भाऊजी त्याच्या वजनाची वाळू पोत्यांत भरून सीटवर ठेवतात, तेही आमच्याकडचं नेहमीचंच. त्यांनी मागच्या ढिगातून वाळू भरली, काट्यावर ठेवली, अजून थोडी टाकली, परत ठेवली. पोती सीटवर चढवताना मलाच हाश हुश झालं. गाडी बसली. मग ते खाली शिरले, स्प्रिंगांखालच्या फिरत्या चकत्या वरखाली करून गाडी समपातळीत आणली, आणि एकेक बोल्ट आवळला. डॅशबोर्डवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. मी म्हटलं, "झाली एकदाची सरळ."  त्यांनी पोती उतरवून काट्याशेजारी रचली आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. वायसर गाडी घेऊन निघाली. भाऊजी रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते ती परत येईपर्यंत. लवकरच आली. गाडी दारात लावून उतरली, चारी बाजूंनी फिरली, आणि तिच्या कपाळावर बापाच्याच आठ्या पडल्या.

"उडत नाही आता. वळणाला चिकटून जाते," ती म्हणाली. "पण सरळ नाहीये बाबा. ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. उजवीकडून उचललेली वाटते. मी आत बसल्यावरसुद्धा."

"शक्य नाही." भाऊजी दुखावले होते. "मी स्वतः बघितलंय. वजन ठेवून आवळलीये."

"कुणाचं वजन?"

भाऊजींनी आत पोत्यांकडे बोट दाखवलं.

वायसर शेडमध्ये गेली. कोपऱ्यात पोती रचलेली होती तशीच होती. तिने एक ओढून काट्यावर ठेवलं, त्याच्यावर दुसरं टाकलं. काटा गेला तो गेलाच. तिच्यासारख्या दोघी नाहीत तरी दीड त्यात बसल्या असत्या. तो आकडा तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होता. थोरला याच काट्यावर उभा राहून दर महिन्याला आम्हाला आपलं वजन ओरडून सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही दादाला बसवलंत."

टेबलाचा पाय केसभर आखूड असला तर दारातून ओळखणारा हा माणूस. त्याने आपल्या मुलीसाठी गाडी बसवायला घेतली, आणि हातांनी वाळू भरताना डोक्याला विचारलंच नाही. मुलगा गेला हे हातांना कुणी कळवलंच नव्हतं. भाऊजी लादीवर बसले. "मी बघत होतो गं काट्याकडे," ते म्हणाले. "बघत होतो. मला बरोबरच वाटलं." आणि मग ते रडायला लागले. लहान मुलासारखे, नाक गळेपर्यंत, खिशातली पाणसळ छातीशी दाबून. त्यांचं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला वाटतं, सगळ्यांनीच.

'सगळ्यांनीच' म्हटलं, कारण ताई दारात उभी होती. गाडीचा आवाज ऐकून आली असावी. किती ऐकलं कोण जाणे, पण काट्यावरची पोती तिला दिसत होती, आणि तो आकडा तिलाही पाठ होता. ती हळूहळू आत आली आणि भाऊजींच्या समोर खाली बसली.

"तुमच्याकडेपण येतो?" तिने विचारलं.

भाऊजींनी मान हलवली. "रोज. पाना मागतो. मी हात मागे करून देतोसुद्धा. मग तो पाना खाली पडतो."

मी पत्र्याच्या भोकातून पाना पडल्याचे आवाज वर्षानुवर्षं ऐकले होते. म्हातारपणाने हात सुटतो, असं मी समजत होतो.

"मला बोलला नाहीत कधी," ताई म्हणाली.

"तू त्याच्याशी बोलायचीस. मी मध्ये कुठे येऊ?"

 ताईने बाहीने आधी त्यांचं तोंड पुसलं, नंतर आपलं. उठली, पोत्यांपाशी गेली, वरच्या पोत्यावर हात ठेवला, जसा डॅशबोर्डवर ठेवायची तसा. "उतरवा आता त्याला," म्हणाली. "दमला असेल." आणि वायसरकडे न बघताच, "हिला बसवा."

आम्ही गाडी आत तिच्या कोपऱ्यात घेतली आणि वायसर ड्रायव्हरच्या सीटवर बसली. त्या मोठ्या सीटमध्ये ती एवढीशी दिसत होती. फोम आता कमी करायला हवा, असं मी मनात टिपून ठेवलं. भाऊजी खाली शिरले. सगळे बोल्ट सैल केले, चकत्या फिरवल्या, आणि पुन्हा एकेक आवळला. मध्येच खालून आवाज आला, "नीट टेकून बस. अंग चोरू नकोस." ती म्हणाली, "सवय आहे बाबा." खाली पाना थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

काम झालं. वायसर हात धुवायला नळावर गेली. गाडी बाहेर नेण्याआधी ताईने डावं दार उघडलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

गाडी डावीकडे झुकली. तिच्या बाजूला. इतक्या वर्षांत प्रथमच ती त्या गाडीत एकटी बसली होती, आणि गाडीने तसं सांगितलं. ताईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. बाहेरून ट्रक आला. मला पळून जावंसं वाटलं, पण मी पत्रा धरून उभा राहिलो. लाद्या थरथरल्या. गाडी एकदा खाली गेली, वर आली, आणि थांबली.

आम्ही वाट बघितली.

"आला नाही," ताई म्हणाली.

भाऊजी तिच्या दारापाशी उभे होते. "नाही," ते म्हणाले.

ताई रडली नाही. नुसती समोरच्या काचेतून बघत राहिली. तेवढ्यात वायसर ओले हात झटकत आली, आई आत बसलेली पाहून दोन पावलं मागे सरली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं. ती चोरासारखी उजव्या बाजूने आत शिरली आणि बसली. गाडी सरळ झाली, केसभर सोडली तर. भाऊजींचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तसाच रिकामा परत आला.

वायसरने किल्ली फिरवली. "आई, उतरतेस ना?" तिने विचारलं. "मी जरा खाणीपर्यंत जाऊन बघते."

ताईने हात बाहेर काढून आपल्या बाजूचं दार ओढून लावलं.

"चल," ती म्हणाली. "सावकाश घे गं."